गोल टोकाचा कीबोर्ड आणि जावकरावांची बदली

जगात कोणतीही वस्तू एकाएकी बंद पडत नाही. ती आधी कुणाच्या तरी अखत्यारीतून बाहेर पडते आणि दुसऱ्याच्या अखत्यारीत पोचण्याआधी मध्येच कुठेतरी लोंबकळत राहते. या लोंबकळण्यालाच सामान्य माणसे बिघाड म्हणतात. सुजाण प्रशासन बिघाड दुरुस्त करण्याची घाई करत नाही. बिघाड कुणाचा, हे ते आधी ठरवते. एकदा ते ठरले की वस्तू दुरुस्त झाली नाही तरी सर्वांच्या मनाला शांतता लाभते.

या तत्त्वाचा पुरावा म्हणून जावकरावांच्या कीबोर्डकडे बोट दाखवता येईल. (कागदोपत्री तो 'कळफलक' होता. पण कळफलक म्हटल्यावर तो कुणालाच सापडत नसे. म्हणून शोधताना कीबोर्ड आणि सापडल्यावर कळफलक, अशी पद्धत पडली होती.)

जावकराव हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर क्रमांक घालायचा, शिक्का मारायचा आणि तो वाटेला लावायचा, हे जावक लिपिकाचे काम ते इतकी वर्षे करत होते की मूळ नाव आता फक्त पगारपत्रकाला आणि त्यांच्या आईला आठवत असे. शेजारच्या टेबलावर बाहेरून येणारे कागद घेणाऱ्या आवकबाई बसत. दोन्ही टेबलांच्या मध्ये एक पंखा होता आणि तो आवक-जावक असा भेदभाव न करता दोन्हीकडचे कागद उडवत असे. जावकराव अगदी नाकासमोर चालणारे गृहस्थ. त्यांनी आयुष्यात शिक्का कधी तिरका मारला नाही. दुसऱ्याच्या टेबलावरची टाचणीसुद्धा ते विचारून घेत आणि काम झाले की परत करत. टाचणी परत करणारा माणूस कार्यालयाने तोवर पाहिला नव्हता, त्यामुळे सुरुवातीला त्यांच्याविषयी थोडा संशयही होता.

असा माणूस नियमाप्रमाणे सुखी असायला हवा. पण जावकरावांची बायको दुसऱ्या गावच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती, लहानगी लेक तिच्यापाशी होती, आणि हे इकडे भाड्याच्या एका खोलीत कपडे वाळत घालण्याची दोरी, स्टोव्ह आणि खुर्ची यांच्यासोबत संसार करत होते. लेकीचा समज असा झाला होता की बाबा फोनमध्ये राहतात. दुपारी ती फोनवर रुमाल पांघरून घाली आणि घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला "हळू बोला, बाबा झोपलेत" म्हणून दटावी. बायकोने हे हसत हसत सांगितले तेव्हा जावकरावही हसले. फोन ठेवल्यावर मात्र ते स्टोव्हसमोर फोनकडेच बघत बसले. भाजी करपली.

त्यांनी विनंती बदलीचा अर्ज केला होता आणि सर्वांना आश्चर्य वाटले तरी तो मंजूर झाला. मात्र बदली मंजूर होणे वेगळे आणि बदली होणे वेगळे. मंजूर झालेली बदली कर्मचाऱ्याने स्वीकारावी लागते, नाहीतर ती जबरदस्ती ठरते. स्वीकारण्याची कार्यपद्धती सोपी होती. ज्याने त्याने आपल्याच टेबलावरच्या संगणकावर आस्थापना शाखेचा प्रोग्रॅम उघडायचा. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत प्रश्न उमटतो: 'बदली स्वीकारता काय?' त्याखाली 'हो' एवढे टाइप करायचे आणि उजवीकडची मोठी कळ दाबायची. माउसला त्या काळ्या पडद्यावर मज्जाव होता. (माउस आला तेव्हा हा प्रोग्रॅम निवृत्तीला टेकला होता आणि या वयात नवे काही शिकणार नाही, असे त्याने कळवले होते.) मुदत शुक्रवारी कार्यालय सुटेपर्यंत. मुदतीत 'हो' आले नाही, तर कर्मचारी आहे तिथे समाधानी आहे असे मानून ती जागा यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायची, अशी तरतूद होती.

त्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी कीबोर्ड बंद पडला.

कारण साधेच होते. कार्यालयात नवे साहेब आले होते आणि त्यांनी शिस्त पंधरवडा जाहीर केला होता. शिस्त कुठून तरी सुरू करायला हवी, म्हणून ती टेबलांपासून सुरू झाली. दोघांनी दोरी धरली, चौघांनी टेबले सरकवली. जावकरावांचे टेबल दोरीबाहेर वीतभर आले होते, ते आत ढकलले, तशी यंत्राच्या पाठीमागची कीबोर्डची वायर निघाली. साहेबांनी एक डोळा मिटून रांग पाहिली आणि "आता कसं!" म्हणाले. आवकबाईंनी टेबलाखाली वाकून वायर होती तिथे परत खोचली. यंत्र घरघरत होते, पडदा लखलखत होता, माउस इकडून तिकडे पळत होता. फक्त कीबोर्डने तोंड मिटले. त्याच्या कोपऱ्यातले हिरवे दिवे लागेनात आणि कोणतीही कळ दाबली तरी पडद्यावर काही उमटेना.

इथे या कीबोर्डचा स्वभाव सांगितला पाहिजे. तो जुन्या घडणीचा होता. त्याच्या वायरीचे टोक गोल होते आणि त्यात बारीक पिना होत्या. हल्लीच्या कीबोर्डांची टोके चपटी असतात, ती केव्हाही खोचा, यंत्र त्यांना लगेच ओळखते. गोल टोकाचे तसे नाही. यंत्र सुरू होताना एकदाच हजेरी घेते. त्या वेळी जागेवर असेल तो हजर. नंतर आलेला दिवसभर समोर बसून राहिला तरी गैरहजर. (कर्मचाऱ्यांनाही हाच नियम लावावा, अशी सूचना या कार्यालयात एकदा आली होती. ती एकमताने फेटाळली गेली. कीबोर्डांची संघटना नाही.)

म्हणजे उपाय उघड होता: यंत्र बंद करायचे, वायर खोचलेली ठेवायची, यंत्र सुरू करायचे. हा उपाय गुपित नव्हता. तो सर्वांना ठाऊक होता. साहेबांना ठाऊक होता, आवकबाईंना ठाऊक होता, खाली सायकली सांभाळणाऱ्यालाही ठाऊक होता. हे मुद्दाम नमूद करावे लागते, कारण कामे अज्ञानामुळे अडतात असा एक गैरसमज समाजात पसरलेला आहे.

अडचण एवढीच होती की यंत्राचे बटण दाबणे हा संगणक शाखेचा अधिकार होता. यंत्राच्या कपाळावर, बरोबर बटणावर, त्या शाखेने सही केलेली कागदी पट्टी चिकटवलेली असे. अनधिकृत माणसाने बटण दाबू नये, हे परिपत्रक स्वतः जावकरावांच्याच हातून जावक झाले होते आणि त्यांनी त्यावर फार सरळ शिक्का मारला होता. बटण असे हाताबाहेर असल्याने, ज्यांना ज्यांना मदत करायची होती त्यांच्या वाट्याला वायर तेवढी उरली. त्या एका दिवसात कार्यालयातल्या ब्याण्णव टक्के कर्मचाऱ्यांनी ती काढून परत खोचली. उरलेले आठ टक्के रजेवर होते. कुणी खोचण्याआधी टोकावर फुंकर मारली, कुणी ते सदऱ्याला पुसले, कुणी खोचताना डोळे मिटले. लेखा शाखेच्या एका ज्येष्ठांनी कीबोर्ड पालथा करून पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा त्यातून दोन स्टेपलच्या पिना, बिस्किटाचा भुगा, कुणाचे तरी बटण आणि एक औषधाची गोळी निघाली. गोळी त्यांचीच होती. ती त्यांनी घेतली.

"माझा कीबोर्ड लावून बघा," आवकबाई म्हणाल्या.

पण आवकबाईंचा कीबोर्ड चपट्या टोकाचा. जावकरावांच्या यंत्राची चपटी भोके मागे कधीतरी सुरक्षेच्या कारणाने, टपालाच्या लिफाफ्यांना लावतात त्या लाल लाखेने बुजवली होती. भोकांतून माहिती चोरीला जाते, असे वरून कळले होते. ही कारवाई सगळ्या कार्यालयात व्हायची होती, पण लाख जावकरावांच्या टेबलापर्यंतच पुरली.

"मग माझ्याच मशीनवर टाइप करा की 'हो'."

जावकरावांनी मान हलवली. आवकबाईंच्या यंत्रावर दिलेले 'हो' हे आवकबाईंचे 'हो' धरले गेले असते आणि सोमवारी आवकबाईंना सामान बांधून जावकरावांच्या बायकोच्या गावी हजर व्हावे लागले असते. आवकबाईंची त्याला ना नव्हती, पण त्यांच्या सासूबाई मागे एकट्या पडल्या असत्या.

नवा गोल टोकाचा कीबोर्ड भांडारात होता. तो जुना नादुरुस्त ठरल्यावर मिळतो. आणि जुना तर ठणठणीत होता, हे त्या दिवशी ब्याण्णव टक्के लोकांनी पाहिले होते.

तेव्हा जावकरावांनी रीतसर तक्रार केली. (तक्रार टंकलिखित असावी लागते. हाताने लिहिली तरी चालते, मात्र वर 'टंकलिखित' असा शेरा मारावा लागतो.) तक्रार आवकबाईंनी घेतली, जावकरावांनी पाठवली आणि मंगळवारी तिची दखल दोन शाखांनी घेतली. कार्यालयाच्या तत्परतेचा हा नमुना आहे. एका शाखेने दखल घ्यायला एरवी आठवडा जातो.

वायर ही विद्युत शाखेकडे येते, म्हणून सकाळी वायरमन आला. वायरमन हाताचा हुशार आणि नियमाचा पक्का. त्यांच्या शाखेचा नियम असा की कोणतीही जोडणी चालू यंत्रावरच करायची. बंद यंत्राला वायर जोडली तर ती नीट जोडली गेली की नाही हे कळणार कसे? या प्रश्नाला आजवर कुणी उत्तर दिलेले नाही. वायरमनने चालू यंत्राला वायर जोडली, तिच्यातून वीज जाते का ते छोट्या मापकाने पाहिले, आणि लिहिले: 'वायर निर्दोष. दोष असल्यास यंत्रात.'

दुपारी संगणक शाखेतून रीस्टार्टभाऊ आले. कसलीही तक्रार असो, बटण दाबून यंत्र बंद करायचे आणि पुन्हा सुरू करायचे, हा त्यांचा हातखंडा उपाय. त्यावरून त्यांना हे नाव पडले होते आणि त्यांना ते आवडतही होते. त्यांच्या शाखेचा नियम असा की यंत्र सुरू करताना त्याला माउस सोडून बाहेरचे काही जोडलेले नसावे. झोपेतून उठणाऱ्या माणसाच्या अंगावर लगेच कुणी ओझे टाकत नाही, त्यातलाच हा विचार. रीस्टार्टभाऊंनी वायर काढली, पट्टी फाडली, बटण दाबले. यंत्र झकास उठले. त्यांनी नवी पट्टी चिकटवून सही केली आणि लिहिले: 'यंत्र निर्दोष. दोष असल्यास वायरीत.' वायर परत जोडणे त्यांच्याकडे येत नव्हते. ती टेबलावर ठेवून ते गेले.

दोन्ही अहवाल एकाच फायलीत लागले आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले.

या काळात कार्यालयाचे काहीही अडले नाही, हे सांगितले पाहिजे. जावकराव हाताने नोंदी करत, हाताने क्रमांक घालत. त्यांचे अक्षर मोत्यांसारखे होते. उलट टपाल जरा लवकरच जाऊ लागले. अडले होते ते फक्त जावकरावांचे, आणि ते खासगी अडणे होते. ते रोज माउसने काळा पडदा उघडत. पडदा विचारी, 'बदली स्वीकारता काय?' आणि खाली एक पांढरी रेघ उघडझाप करत उत्तराची वाट बघत राही. जावकराव खुर्चीत बसून मनात 'हो' म्हणत. मनातले धरण्याची सोय प्रोग्रॅममध्ये नव्हती.

बुधवारी साहेबांनी दोन्ही शाखांना केबिनमध्ये बोलावले. जावकराव दाराशी उभे राहिले.

"काय आहे हा प्रकार?" साहेबांनी विचारले.

"साहेब, साधी गोष्ट आहे," वायरमन म्हणाला, "हा गोल टोकाचा आहे. मशीन सुरू होताना तो लावलेला असला पाहिजे. शेंबडं पोरही सांगेल."

"अगदी बरोबर," रीस्टार्टभाऊ म्हणाले. "आमच्या पुस्तकात पहिल्या पानावर आहे."

"मग लावा आणि सुरू करा!"

"लावणं माझ्याकडे आहे, साहेब. पण बंद मशीनला मी हात लावत नाही."

"आणि सुरू करणं माझ्याकडे. पण वायर लावलेली असेल तर मी सुरू करत नाही."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. ते शिस्तीचे भोक्ते होते आणि समोर एकाऐवजी दोन शिस्ती उभ्या होत्या. त्यांचा ऊर भरून आला. थोडा विचार करून त्यांनी असा तोडगा काढला की पूर्वी कुणालाच सुचला नव्हता. "दोघं एकदम या," ते म्हणाले.

या आदेशाचे कार्यालयात मोठे स्वागत झाले. गुरुवारी संयुक्त तपासणी बघायला माणसे खुर्च्या घेऊन आली. वायरमन आणि रीस्टार्टभाऊ यांनी एकमेकांची विचारपूस केली आणि काम कोणत्या क्रमाने करायचे यावर बोलणी सुरू झाली. वाद होईल असे सर्वांना वाटत होते. पण झाले वेगळेच.

"आधी तुम्ही मशीन सुरू करा, मग मी वायर लावतो," वायरमन म्हणाला.

"मीही तेच म्हणणार होतो," रीस्टार्टभाऊ म्हणाले. "आधी मी सुरू करतो, मग तुम्ही लावा."

दोन शाखांत असे मतैक्य कार्यालयाच्या इतिहासात झाले नव्हते. रीस्टार्टभाऊंनी बटण दाबले, यंत्र उठले, हजेरी घेतली गेली, आणि मग वायरमनने अलगद वायर खोचली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. कीबोर्ड अर्थातच मुका राहिला. मात्र संयुक्त अहवालात 'यंत्र व वायर दोन्ही निर्दोष, उभय शाखांचे सहकार्य समाधानकारक' अशी नोंद झाली आणि दोष असल्यास तो टेबलात असावा, या दिशेने विचार सुरू झाला. टेबल भांडार शाखेकडे येते. वायर मात्र या खेपेस लागलेली राहिली, कारण शेवटचा हात वायरमनचा होता. रीस्टार्टभाऊंची पुढची फेरी शुक्रवारी तीन वाजता होती. तेव्हा ती नियमाप्रमाणे निघणार होती.

त्या संध्याकाळी बायकोचा फोन आला.

"काय म्हणतंय तुमचं मशीन?"

"मशीन निर्दोष आहे. वायरही निर्दोष आहे. तसं लेखी आलंय."

"मग झालं की. 'हो' टाकलंत ना?"

"कीबोर्ड चालत नाही."

मग ती म्हणाली, "अहो, वायर लागलीय का आत्ता?"

"लागलीय."

"मग बंद करून चालू करा. संपलं."

"बटणावर पट्टी आहे. सहीची."

"फाडा."

"असं कसं फाडा? तो आपला विषय नाही."

"आमच्याकडे कुणी धापा टाकत आला ना, की आम्ही आधी नळी लावतो. नळी कुठल्या वॉर्डाची, ते मागून भांडतो," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जावकरावांना जास्त भीती वाटली. "मी कपाटातला एक कप्पा तुमच्यासाठी मोकळा केलाय. पोरगी रोज तो उघडून बघते. बटण तुमचा विषय नाही ना? मग मी आणि ही पोर कुणाचा विषय आहोत, तेवढं एकदा साहेबांना विचारून ठेवा."

साहेबांना विचारायचे तर टिप्पणी लिहावी लागली असती आणि ती कोणत्या शाखेमार्फत पाठवायची, हा प्रश्न उरलाच असता. रात्री जावकराव कुशीवर कुशी बदलत राहिले आणि पहाटेकडे त्यांनी ठरवले. उद्या जेवणाच्या सुट्टीत पट्टी फाडायची, बटण दाबायचे, 'हो' टाइप करायचे. मग जे व्हायचे ते होवो. असा बेछूट विचार त्यांनी पूर्वी कधी केला नव्हता. तो करून झाल्यावर त्यांना गाढ झोप लागली.

शुक्रवारी जेवणाची सुट्टी झाली. माणसे डबे घेऊन उठली. आवकबाई सगळ्यांत शेवटी उठल्या.

"मी जेवायला जातेय," त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "मला तसंही लांबचं दिसत नाही. चष्मा इथंच ठेवून जाते." आणि खरोखरच चष्मा टेबलावर ठेवून, भिंतीचा अंदाज घेत त्या बाहेर गेल्या.

खोलीत जावकराव एकटे उरले. लोक ज्या खिडकीशी येऊन आपापल्या कागदांवर जावक क्रमांक घालून घेत, त्या जावक खिडकीची काच लावलेली होती आणि काचेपलीकडे रोजच्यासारखी रांग होती. जावकरावांनी खुर्ची मागे सारली. ते यंत्रासमोर वाकले. पट्टीची डिंकाची कड एका बाजूने आपसूक सुटली होती. तिच्याखाली त्यांनी नख घातले. पट्टी इतक्या सहज निघाली की त्यांना जरा अपमान वाटला. बटण समोर होते. त्यांनी त्यावर बोट ठेवले. एकदा दाबायचे, पुन्हा दाबायचे, एवढेच. पण आयुष्यात पहिल्यांदाच न विचारता काही करणारा माणूस आजूबाजूला बघतो, तसे त्यांनी वर बघितले. परवानगी त्यांना नको होती. कुणीतरी नुसती मान डोलवावी, एवढेच हवे होते.

रांगेत तिसरे तुम्ही होतात.

हो, तुम्हीच. तुमच्या हातात लिफाफा होता. आठवडाभर त्या कागदासाठी तुमच्या फेऱ्या चालल्या होत्या, त्यामुळे बदलीचे, बायकोचे, फोनवर रुमाल पांघरणाऱ्या पोरीचे, सगळे तुमच्या कानावर आलेले होते. काचेतून तुम्हाला यंत्र दिसत होते, फाटलेली पट्टी दिसत होती, बटणावरचे बोट दिसत होते. हे सगळे वाचताना तुम्ही मनातल्या मनात दोनदा तरी 'अहो, दाबा ना ते बटण!' म्हणालात. त्या दिवशीही ते तुमच्या मनात आले होते. ओठांपर्यंत आले होते. पण मग तुम्ही शहाण्या माणसाप्रमाणे पुढचा विचार केलात. हा गेला की नवा येणार. नवा येईपर्यंत खिडकी बंद. नवा आला की त्याला शिकायला महिना जाणार. आणि तुमच्या लिफाफ्यावर तर आजच क्रमांक पडायला हवा होता. तुमचेही खरेच होते. तुम्ही पुढच्या दोघांच्या मधून हात घालून काचेवर टकटक केलीत आणि अगदी नम्रपणे विचारलेत, "साहेब, खिडकी कधी उघडणार?"

जावकरावांचे बोट आपोआप मागे आले. ते त्यांनी मागे घेतले असे म्हणता येणार नाही. सवयीने घेतले. "आलो, आलो," ते म्हणाले, आणि सुट्टी संपायला वेळ असूनही त्यांनी काच वर केली.

त्यांनी पहिल्याचा कागद घेतला, क्रमांक घातला, शिक्का मारला. मग दुसऱ्याचा. मग तुमचा. तुमच्या मागे आणखी माणसे होती, त्यांचेही केले. कुणालाही परत पाठवले नाही. तोवर जेवून मंडळी परतली, आवकबाईंनी चष्मा लावला, जावकरावांकडे एकदा बघितले आणि पुन्हा काढून पुसत बसल्या. तीन वाजता रीस्टार्टभाऊ आले. पट्टी सुटलेली पाहून त्यांनी डिंकाला नावे ठेवली, नियमाप्रमाणे वायर काढली, बटण दाबले. यंत्र झकास उठले. त्यांनी नवी पट्टी चिकटवली, या वेळी दुप्पट डिंक लावून. वायरमनची पाळी आता सोमवारी होती. कार्यालय सुटले तेव्हा काळ्या पडद्यावरचा प्रश्न आपण होऊन मिटला आणि जागा यादीतल्या पुढच्या माणसाला गेली.

तुमचा लिफाफा मात्र त्याच दिवशीच्या टपालाने गेला. शिक्का सरळ होता. लिफाफा हातावेगळा झाल्यावर तुम्ही घाईने निघाला नाहीत, एवढी माणुसकी तुमच्यात होती. खिडकीशी क्षणभर थांबून तुम्ही जावकरावांना म्हणालात, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून कामं होतात हो." जावकराव हसले. तुम्हाला दिवसभर बरे वाटत राहिले.